वारस नोंद आणि बोजा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग जळगावचा उन्हाळा सुरू झाला. या दिवसांत पंखासुद्धा गरम वाराच फेकतो, तेव्हा लिहिण्याचं नाव कोण काढणार? आज बसलो आहे तो रागानं. राग परक्यावर नाही, घरातल्याच दोन पोरांवर आहे. एक माझा भाचा. तो धुळ्याला असतो आणि काँग्रेसचं काम करतो. दुसरा पुतण्या, तो इथे जळगावात भाजपचं काम करतो. दोघंही मनानं चांगले, कष्टाळू, आणि दोघंही हा ब्लॉग वाचतात. तेव्हा पाठीमागे बोलल्याचं पाप नको. बाबांनो, हे तुमच्याविषयीच आहे.

झालं असं की यंदाच्या ५ जूनला, जागतिक पर्यावरण दिनी, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी भाच्यानं एक पोस्टर टाकलं. इंदिरा गांधींचा फोटो, मागे वाघ, वाघाच्या मागे हिरवं जंगल, आणि खाली ठळक अक्षरांत की हा वारसा आमचा. खाली सात-आठ कार्यकर्त्यांचे फोटो, त्यात आमचे चिरंजीवही गॉगल लावून. तासाभरात पुतण्याचं पोस्टर आलं. त्यातही वाघच! ३,६८२ हा आकडा, आईच्या नावानं एक झाड लावण्याचं आवाहन, आणि वाघांची ही सगळी कमाई जणू २०१४ नंतरचीच. इंदिराबाईंचं नाव कुठे भिंग लावून शोधलं तरी नाही. मग दोघांची जुंपली. याने म्हणायचं तुम्ही दुसऱ्याचं श्रेय चोरता, त्याने म्हणायचं तुमच्या बाईंनी आणीबाणी आणली, तुम्ही आम्हाला काय शिकवता. शेवटी भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही तेव्हा होता. तुम्हीच सांगा." पुतण्याही म्हणाला, "हो नाना, तुम्हीच सांगा एकदाचं."

सौ. म्हणाली, "तुम्हले काय करनं शे?" तिचं खरं आहे. पण मास्तरकी अंगातून जात नाही.

आधी भाच्याच्या बाजूनं. जे ज्याचं ते त्याला द्यावं. जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरची पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हा यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर तिथे स्वतः गेलेल्या पंतप्रधान या एकट्याच. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच वर्षीच्या मोजणीत देशात १,८२७ वाघ उरल्याचं निघालं आणि १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीच्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. १९७४ ला पाणी प्रदूषणाचा कायदा, १९८१ ला हवेचा. ऑक्टोबर १९८० मध्ये आधी वटहुकूम आणि मग वनसंवर्धन कायदा. त्याअगोदर राज्य सरकारं जंगलाची जमीन हवी तशी वाटत होती, धरणाला, कारखान्याला, मतांना. या कायद्यानं सांगितलं की दिल्लीला विचारल्याशिवाय हे चालणार नाही. केरळातलं सायलेंट व्हॅलीचं खोरं धरणाखाली जायचं ते वाचलं, तेही त्यांच्याच काळात.

पण इथेच एक गोष्ट भाच्याच्या पोस्टरवर येत नाही. सायलेंट व्हॅलीसाठी आधी वर्षानुवर्षं केरळ शास्त्र साहित्य परिषदेची मास्तर मंडळी गावोगाव हिंडली. कवी-कवयित्री रस्त्यावर आल्या. सलीम अलींसारख्या पक्षीतज्ज्ञाने वजन टाकलं. हिमालयात रेणी गावच्या गौरादेवी आणि तिच्या सोबतच्या बाया १९७४ मध्ये झाडांना बिलगून उभ्या राहिल्या. बाईंनी ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. सत्तेत बसलेल्यांना ऐकू येणं ही काही लहान गोष्ट नाही. पण बोलणारे दुसरे होते, आणि ते कुठल्याच पक्षाच्या पोस्टरवर नसतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. तुम्ही दोघं 'वारसा, वारसा' म्हणता. आपण खानदेशातली शेतकऱ्याची माणसं. वारसा म्हणजे काय ते आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही, तलाठ्याच्या ऑफिसातून कळतं. बाप गेला की वारस नोंदीचा अर्ज द्यायचा, मग फेरफार पडतो, मग सातबाऱ्यावर पोरांची नावं चढतात. पण त्याच सातबाऱ्यावर उजव्या अंगाला 'इतर हक्क' असतात. तिथे सोसायटीचा बोजा असतो, बँकेचा बोजा असतो, कुणाची वहिवाट असते, कधी कूळ असतं. तुम्ही तलाठ्याला सांगून बघा की भाऊसाहेब, जमीन माझ्या नावावर करा, तेवढा बोजा मात्र खोडा. चहा पाजून परत पाठवील तो!

तुमचे पक्ष नेमकं हेच करतात. एकाला जमीन हवी, बोजा नको. दुसरा त्याहून हुशार. तो म्हणतो जमीन पहिल्यापासून माझीच, मूळ मालकाचं नाव कशाला?

बोजा कोणता ते ऐका, म्हणजे मला जेवढा माहीत आहे तेवढा.

१९७२ ला मी नुकता बीए झालेला. नोकरी नव्हती. दुष्काळी कामावर मस्टर कारकून म्हणून लागलो, पाझर तलावाचं काम होतं. रोज सकाळी नावं पुकारायची, संध्याकाळी मोजमाप. सुकडी, लाल मिलो, हे शब्द आजच्या पोरांना ठाऊक नाहीत, बरंच आहे. जनावरांना चारा नव्हता म्हणून लोक सातपुड्याच्या पायथ्याला जाऊन अंजनाच्या फांद्या छाटून आणत. अंजनाचा पाला गुरं खातात. डोक्यावर भारा घेतलेली बाई समोरून आली की आधी चालता भारा दिसायचा, मग बाई. त्याच वर्षी स्टॉकहोमच्या भाषणात बाईंनी जगाला विचारलं होतं की दारिद्र्य आणि गरज यांच्याहून मोठं प्रदूषण कोणतं. हा प्रश्न पुढे जगभर गाजला. मी तो नंतर वाचला, आणि वाचताना मला ती भारेवाली बाई आठवली. पण पुढची वीस-तीस वर्षं सरकारी दप्तरात काय झालं? प्रश्न उलटा झाला. गरिबी मिटवायची राहिली आणि भारेवालीवर गुन्हा दाखल झाला. दंडाच्या पावत्या तिच्या नावावर फाटल्या.

१९७४ मध्ये राज्याचं वनविकास महामंडळ निघालं. नाव छान. काम असं की मिश्र जंगल, ज्यात मोह, चारोळी, तेंदू, बेहडा, सालई सगळं असतं, ते तोडून तिथे सागाच्या रांगा लावायच्या. सागाला बाजारात भाव. आदिवासीला साग खाता येत नाही. वरून पाहिलं की हिरवं दिसतं म्हणून हिशोबात जंगल कायम. हे त्याच बाईंच्या काळातलं, त्याच पक्षाच्या राज्य सरकारातलं. हा बोजा पोस्टरवर नाही.

आता जे लिहितो ते मी आजवर घरात कोणाला सांगितलेलं नाही.

१९७६ ला मी चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत होतो. आणीबाणी होती. संजय गांधींचा पाच कलमी कार्यक्रम होता आणि त्यात एक कलम कुटुंब नियोजनाचं, एक झाडं लावण्याचं. त्या वर्षी आम्हा मास्तरांना दोन उद्दिष्टं दिलेली होती. इतकी रोपं आणि इतक्या 'केसेस'. केस म्हणजे नसबंदीला माणूस आणायचा. रोपं नाही लागली तर कुणी विचारत नसे. केस नाही आणली तर पगारवाढ थांबेल असं तोंडी सांगण्यात आलं. माझं लग्न नुकतं झालेलं. मी पाड्यावरच्या एका पावरा माणसाला घेऊन गेलो. त्याचा मुलगा माझ्याच वर्गात होता. दोन लेकरांचा बाप. मी त्याला खोटं बोललो नाही, पण सगळं खरंही सांगितलं नाही. जंगलखात्याचा त्रास कमी होईल असं मी म्हणालो. मला तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याला थोडे रुपये मिळाले, माझा आकडा भरला. त्याच आठवड्यात शाळेच्या आवारात मी पोरांकडून वीस कडुनिंब लावून घेतले. त्यातले तीन अजून उभे आहेत, दोन वर्षांपूर्वी पाहून आलो. तो माणूस नंतर माझ्याशी कधी बोलला नाही. पोराला मात्र शाळेत रोज पाठवीत राहिला.

म्हणून भाच्या, तू जेव्हा ग्रुपवर लिहितोस की इंदिराजींनी झाडं लावायला शिकवलं, तेव्हा मला कडुनिंब आधी आठवत नाहीत.

पण मग पुतण्यानं फार खूश होऊ नये. आता त्याची पाळी.

राज्यघटनेत पर्यावरण आलं कधी, ठाऊक आहे? तुमच्या पक्षाचे पुढारी ५ जूनच्या भाषणात सांगतात की निसर्गाचं रक्षण हे प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य आहे, कलम ५१-क. बालभारतीच्या पुस्तकात सुरुवातीला छापलेलं असतं, मी तीस वर्षं पोरांकडून वाचून घेतलं. हे कलम मूळ घटनेत नव्हतं. ते आलं १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं, ऐन आणीबाणीत, विरोधी पक्षाचे पुढारी तुरुंगात असताना. पर्यावरणाचं रक्षण राज्यानं करावं असं सांगणारं ४८-अ हेसुद्धा त्याच दुरुस्तीतलं. वनं आणि वन्यप्राणी हे विषय राज्यांच्या यादीतून उचलून समवर्ती यादीत टाकले तेही तेव्हाच. म्हणजे जी दुरुस्ती घटनेवरचा सर्वात मोठा घाला म्हणून तुम्ही सांगता (आणि बऱ्याच अंशी ती तशी होतीच, माझं दुमत नाही), त्याच दुरुस्तीच्या एका कलमावर तुमचा पर्यावरण दिन साजरा होतो. २५ जूनला संविधान हत्या दिवस पाळायचं तुमच्या सरकारनं २०२४ मध्ये ठरवलं. मग ५ जूनला भाषणात ५१-क आणि वीस दिवसांनी हत्या दिवस. मधल्या काळात कोणी एक पान मागे उलटून बघत नाही का रे?

आणि गंमत पुढे आहे. १९७८ मध्ये जनता सरकारनं चव्वेचाळिसावी दुरुस्ती करून आणीबाणीतल्या बऱ्याच गोष्टी पुसून टाकल्या. त्या सरकारात वाजपेयी होते, अडवाणी होते. त्यांनी ४८-अ आणि ५१-क ठेवली. त्यांना कळलं की वाईट हातानं लिहिलेलं प्रत्येक वाक्य वाईट नसतं. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांनी एवढा विवेक दाखवला. हा तुमच्या पक्षाचा खरोखरचा पर्यावरणाचा वारसा. पण हे तुमच्या एकाही पोस्टरवर मी पाहिलेलं नाही, कारण हे सांगायचं तर आधी 'तिने लिहिलं होतं' हे सांगावं लागतं.

व्याघ्र प्रकल्पाला पन्नास वर्षं झाली तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये म्हैसूरला मोठा सोहळा झाला. पंतप्रधानांनी वाघांचा किमान आकडा जाहीर केला, ३,१६७. तुझ्या पोस्टरवरचा ३,६८२ हा नंतर आलेला सरासरी अंदाज. आकडे खरे आहेत, आनंदाचे आहेत. पण पन्नासावा वाढदिवस साजरा करायचा आणि बाळंत कोण झालं होतं ते सांगायचं नाही, ही कुठली रीत? काँग्रेसवाल्यांनी लगेच बोंब मारली. ती बोंब रास्त होती, पण त्यांनीही अर्धीच मारली. सरिस्काचे वाघ शिकाऱ्यांनी संपवून टाकल्याचं २००५ मध्ये उघड झालं, तेव्हा केंद्रात काँग्रेस होती आणि राजस्थानात भाजप. पुढच्या मोजणीत देशात जेमतेम १,४११ वाघ निघाले. तो आकडा घेऊन एकही पक्ष पोस्टर छापणार नाही.

त्याच २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात १९८० चा वनसंवर्धन कायदा बदलला. नाव बदललं, लांबलचक हिंदी नाव ठेवलं. सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतले संरक्षणाचे म्हणून ठरवलेले रस्ते-रेल्वे यांना सूट. सफारी आणि प्राणिसंग्रहालयांना वाट मोकळी. आणि जंगल म्हणजे काय याची व्याख्या आवळली. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये सांगितलं होतं की शब्दकोशात जे जंगल ते जंगल, कागदावर नोंद असो वा नसो. नवीन कायद्यानं कागदावरची नोंद पाहायची ठरवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाला अंतरिम आदेश देऊन सांगावं लागलं की तूर्त जुनीच व्याख्या चालवा. म्हणजे एप्रिलमध्ये वाघाचा वाढदिवस, आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत वाघाच्या घराच्या भिंतीला भगदाड!

भाच्या, तू हसू नकोस. छत्तीसगडच्या हसदेव जंगलात कोळशासाठी २०२२ मध्ये मंजुरी देणारं राज्य सरकार तुझ्या पक्षाचं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये सत्ता बदलली आणि झाडांवर कुऱ्हाड भाजपच्या राज्यात पडली. झाडाला काय फरक?

दूर कशाला जायचं. आपल्याच जुन्या धुळे जिल्ह्यात, आज जो नंदुरबार आहे तिथे, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली तेहतीस गावं सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. पायाभरणी १९६१ ला नेहरूंनी केली. नर्मदेच्या पाणीवाटपाचा लवाद १९६९ ला इंदिराबाईंच्या काळात नेमला गेला. पर्यावरणाची मंजुरी १९८७ ला राजीव गांधींच्या काळात मिळाली. लोकार्पण २०१७ च्या सप्टेंबरात मोदींनी केलं. आणि बुडालेल्यांना जागा द्यायला १९९० च्या सुमारास तळोद्याचं राखीव जंगल तोडलं. १९८० च्या कायद्यानं, रीतसर परवानगी घेऊन! एक जंगल बुडवलं, त्यातल्या माणसांसाठी दुसरं जंगल कापलं. नंदुरबार म्हणजे इंदिराबाईंचं लाडकं. निवडणुकीच्या प्रचाराची सुरुवात त्या तिथून करायच्या, हे इकडच्या म्हाताऱ्यांना अजून पाठ आहे. आदिवासी बाया त्यांना देवीसारखं मानत. ते प्रेम खरं होतं, मी पाहिलेलं आहे. त्या प्रेमाचं पुढे काय झालं याची पोस्टरं कोण काढणार?

शिरपूरचं उदाहरण मला नेहमी आठवतं. भूजलशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर आणि तिथले अमरीशभाई पटेल यांनी नाले रुंद-खोल करून, बंधारे बांधून पाणी जिरवलं, 'शिरपूर पॅटर्न' म्हणून राज्यभर नाव झालं. अमरीशभाई तेव्हा काँग्रेसमध्ये होते, २०१९ मध्ये भाजपमध्ये गेले. आता ते बंधारे कोणत्या पक्षाचे? माझ्या वर्गातलं एखादं पोर म्हणालं असतं, ज्याच्या विहिरीला पाणी आलं त्याचे.

झाडं लावण्याच्या कार्यक्रमांवर मी फार लिहीत नाही, तुम्ही सगळेच ते भोगता. निवृत्तीच्या आधी मी धुळ्याजवळच्या ज्या शाळेत होतो तिथे बाईंच्या हत्येनंतरच्या पावसाळ्यात, १९८५ ला, त्यांच्या स्मृतीसाठी म्हणून सुबाभळीची रांग लागली. तेव्हा सुबाभूळ म्हणजे कल्पवृक्ष होता. पुढे तिनं सगळं आवार व्यापलं, खाली गवत उगवेना, मग ती तोडली. राज्यात २०१६ पासून दोन कोटी, चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ ला तेहतीस कोटी अशा झाडांच्या मोहिमा निघाल्या. सरकार बदललं तशी त्यांची चौकशी लागली. शाळेच्या त्याच पट्ट्यात पुन्हा खड्डे झाले. आमचा शिपाई मला फोनवर म्हणाला, "सर, खड्डे तेच आहेत, फक्त फोटोतली माणसं बदलली." हा माणूस सातवी पास, पण निबंध आपल्यापेक्षा चांगला लिहील.

कोणी म्हणेल की मास्तर, तुम्ही दोन्हीकडून बडवता, मग चांगलं कोण? चांगलं साक्री तालुक्यात बारीपाड्याला जाऊन बघा. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून चारशे हेक्टरांच्या वर जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, तोडली तर दंड, आणि दंड गावानंच बसवलेला. चैत्रामभाऊंना २०२५ ची पद्मश्री मिळाली. वनवासी कल्याण आश्रमाचं पाठबळ त्यांना होतं, हे पुतण्यानं अभिमानानं सांगावं. पण संयुक्त वनव्यवस्थापनाचं धोरण ज्या सरकारांनी आणलं आणि २००६ चा वनहक्क कायदा ज्यांनी केला त्यांचंही नाव मग घ्यावं लागेल. घेईल का?

वनहक्क कायद्याचं निघालंच आहे तर सांगतो. तो माझा पावरा विद्यार्थी, ज्याच्या बापाचं मी वर लिहिलं, आज साठीचा आहे. जंगलजमिनीवर त्याच्या आजाच्या वेळेपासून ज्वारी पिकते. आमच्याकडे अशा जमिनीला नेवाड म्हणतात, सरकारी भाषेत अतिक्रमण. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतो हे त्यानं सिद्ध करायचं. कागद कुठून आणणार? दंडाची पावती असती तर तोच पुरावा झाला असता, पण ती बापानं कधीच चुलीत घातलेली. त्याचा दावा उपविभागीय समितीकडून फेटाळला गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फेटाळलेल्या दावेदारांना हटवायला सांगितलं, आणि पंधरा दिवसांत स्वतःच त्याला स्थगिती दिली. ते पंधरा दिवस तो झोपला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१८ मध्ये, तो नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेला होता. पायाचे फोड घेऊन परत आला.

या कायद्याच्या नियमांत एक तरतूद आहे. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरता येतो. तो माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, तुम्ही १९७६ ला आमच्या पाड्यावर आला होता ना? तेव्हा शेत होतं की नव्हतं, एवढं लिहून द्या." पाड्यावर मी एरवी कधी गेलो नव्हतो. गेलो होतो ते फक्त त्याच्या बापाला न्यायला. शेतात ज्वारी कमरेला लागत होती, बाप कोळपत होता, मी बांधावर उभा राहून त्याला हाक मारली होती. तेच लिहून दिलं. कशासाठी गेलो होतो तेही लिहिलं. त्याने ते वाचलं, घडी घातली, खिशात ठेवली, काही बोलला नाही. फेरविचारात त्याला पट्टा मिळाला, मागितल्याच्या निम्म्याहून कमी. वाटपाच्या दिवशी मंडपात दोन्ही पक्षांचे फलक होते. एकावर कायदा आम्ही केला, दुसऱ्यावर पट्टे आम्ही दिले.

तर पोरांनो, तुम्ही मला पंच केलंत, हा माझा निवाडा. बाईंचा वारसा काँग्रेसला सांगायचा असेल तर जरूर सांगावा, पण वाघाच्या फोटोखाली केसेस, सागाच्या रांगा, तेहतीस गावं आणि हसदेव यांच्या चार ओळी लिहून. भाजपला तो वारसा चालवायचा असेल तर तोही चालवावा, देशाचाच आहे. पण मूळ मालकाचं नाव न खोडता, आणि २०२३ चा कायदा खाली नोंदवून. नाव आणि बोजा एकाच उताऱ्यावर यायला हवेत. माझ्यापुरता मी तो वर नोंदवला आहे.

३१ ऑक्टोबरला भाचा धुळ्यात बाईंच्या पुण्यतिथीला शंभर झाडं लावणार आहे. त्याच दिवशी पुतण्या सरदार पटेलांच्या जयंतीची एकता दौड आणि नंतर वृक्षारोपण करणार आहे. दोघांनीही मला पाहुणा म्हणून बोलावलं आहे. मी दोघांनाही तीच अट घातली. लावायचं तर कडुनिंब किंवा अंजन लावा, तीन उन्हाळे पाणी घालणाऱ्याचं नाव आधी मला कळवा, आणि कार्यक्रमात वरच्या ओळी माइकवरून वाचायची मला परवानगी द्या. पुतण्या म्हणाला, "नाना, वरिष्ठांना विचारून सांगतो." भाच्यानं अंगठ्याचं चित्र पाठवलं, त्याचा अर्थ हो की नाही ते मला कळलेलं नाही.

पाणी कोण घालणार, याचं उत्तर दोघांकडूनही अजून यायचं आहे.